३३ महिने आणि एक फोन

किल्ल्या मोजून माझ्या हातात दिल्या, मीटरचं रीडिंग दाखवलं, आणि दारापर्यंत आलेली माझी भाडेकरू पुन्हा आत वळली. ओट्यावरच्या कपाटातून झिपची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. “ताई, हे राहिलंच होतं. गीझरच्या कॉइलची गॅरंटी आहे यात, अजून चार महिने बाकी आहेत. बाकीचेही कागद आहेत. नवीन येतील त्यांना लागतील.” मी पिशवी न उघडता पर्समध्ये टाकली. खाली टेम्पो उभा होता, ड्रायव्हरशेजारी तिची आई मिक्सरचं भांडं मांडीवर धरून बसली होती, आणि मला ऑफिस गाठायचं होतं. डिपॉझिटचा हिशोब आदल्या रात्रीच झाला होता. रंगाचे पैसे कापून उरलेली रक्कम मी पाठवली होती आणि तिने त्यावर नुसते जोडलेले हात पाठवले होते. टेम्पो गेटबाहेर पडेपर्यंत मी थांबले. चांगली माणसं होती, असं वॉचमनला म्हणाले. तोही हो म्हणाला.

पिशवी उघडली ती रात्री, जेवणं झाल्यावर. आत सात बिलं होती, तारखेप्रमाणे लावलेली आणि टाचणीने एकत्र टोचलेली. फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह. सिंकखालचा पाइप. फ्रिजच्या दाराचं रबर. खिडकीचं चाक. एक्झॉस्ट फॅन. गीझरची कॉइल आणि थर्मोस्टॅट. आणि शेवटचं, एका इलेक्ट्रिशियनच्या शिक्क्याच्या कागदावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: ‘बाथरूम पॉइंट, अर्थिंग वायर नवीन टाकली.’ फ्रिज माझा, गीझर माझा, पंखा माझा, भिंतीतली वायरही माझी. पैसे तिचे. तिने ते कधी मागितले नव्हते, आणि पिशवी देतानाही तिच्या बोलण्यात मागणं नव्हतं. तिला खरोखरच पुढच्या माणसाची काळजी होती. मी मात्र त्या तीन वर्षांत भेटेल त्याला सांगत आले होते, की भाडेकरू मिळावा तर असा. कधी म्हणून फोन नाही, एक तक्रार नाही.

एक फोन आला होता.

ती राहायला आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात. मी मीटिंगमधून बाहेर येऊन तो घेतला होता, एवढं नीट आठवतं. बाथरूमचा नळ गळत होता. बंद केला तरी रात्रभर टपटप, बादली भरायची. मी म्हणाले, “अहो, किरकोळ आहे ते. तुमच्या तिकडेच कुणाकडून करून घ्या ना.” आवाज चढवला नव्हता. उलट बऱ्यापैकी गोड बोलले होते. तिने “बरं ताई” म्हणून फोन ठेवला. त्यानंतर ११-११ महिन्यांचे तीन करार पुरे झाले, ३३ महिने गेले, दिवाळीचे मेसेज आले, भाडं दर महिन्याच्या तीन तारखेला आलं. दुरुस्तीसाठी फोन पुन्हा आला नाही. त्या एका वाक्यात मी दार लावून घेतलं होतं आणि मला त्याचा आवाजही आला नव्हता.

‘किरकोळ’ हा शब्द मी आधी कुठे ऐकला होता ते बिलांकडे बघता बघता आठवलं. आम्ही भावंडं भाड्याच्या घरांत वाढलो. पहिलं घर वाड्यात, वरच्या मजल्यावर. मालक आजोबा खाली राहायचे. त्यांच्याकडे प्रेमळपणा फारसा नव्हता, पाण्यावरून आणि जिन्यातल्या चपलांवरून त्यांचं आणि आईचं नेहमी वाजायचं. पण वैशाख सरत आला की कौलं शाकारायला माणसं यायचीच. आजोबा स्वतः अंगणात उभे राहून, कपाळावर हात धरून, वर बघत ओरडायचे, “त्या कोपऱ्यातलं बघा, कोपऱ्यातलं!” तुटलेल्या कौलांचा ढीग, त्यातून निघालेला वर्षभराचा पाला, मांजरीने सोडलेली पिसं. सगळं घर त्या दोन दिवसांत धुळीने माखायचं आणि मग जूनच्या पहिल्या सरीला आई वर बघून म्हणायची, टिकलं हो. फार नंतर माझ्या लक्षात आलं, की आमच्या छपरातून आलेलं पाणी आमच्या फळ्यांमधून थेट त्यांच्या माजघरात उतरायचं. आमचं गळणं हे त्यांचंही गळणं होतं. आजोबांना जबाबदारी कुठे वाचावी लागली नाही, ती त्यांच्या अंथरुणावर पडायची.

दुसऱ्या घराचे मालक परगावी असायचे. घर नवीन, स्लॅबचं, आणि आम्हाला फार अप्रूप. पहिल्याच पावसात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. आधी गाठोड्याएवढा डाग, मग तो वाढत वाढत कपाटामागे गेला. आईच्या ठेवणीतल्या साड्यांना तो वास लागला तो कायमचा. आजही कुणाच्या घरी बंद खोली उघडली आणि ओल्या चुन्याचा, बुरशीचा तसा वास आला, की मला माझी शाळेची दप्तरं दिसतात. बाबांनी मालकांना पत्र टाकलं. उत्तर आलं, अक्षर सुंदर होतं: ‘पावसाळा म्हटला की थोडीफार ओल यायचीच. किरकोळ आहे, आपल्याकडेच कोणाकडून करून घ्यावे.’ बाबा दुसरं पत्र लिहायला बसले तेव्हा आई म्हणाली, “नको आत्ता. पोरांच्या परीक्षा आहेत. उद्या खोली खाली करा म्हणाले तर कुठे जायचं?” पत्र तसंच राहिलं. बाबांनी एका चौकोनी डब्यात वायसर, सुतळी, पांढरा सफेदा, एक पाना असं सगळं जमवलं होतं. नळ गळला की डबा निघायचा. आम्हाला वाटायचं, बाबांना सगळं येतं. त्यांना ते यावं लागत होतं.

रविवारी मी रिकाम्या घरी गेले. जाताना बिलावरच्या नंबरवर त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला, नवीन माणसं यायच्या आधी एकदा बघून जा म्हणून. साठीचे गृहस्थ, चष्म्याची दोरी गळ्यात. दारातूनच म्हणाले, “हां, हेच घर. त्या मॅडमच्या आईला झटका बसला होता ना.” मी गप्पच झाले. त्यांनी स्टूल ओढलं, बोर्ड उघडला आणि मला दाखवलं. कॉइलचं तांब्याचं कवच फाटलं होतं, त्यामुळे करंट टाकीच्या पाण्यात उतरत होता. अशा वेळी तो अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवा. पण बाथरूमच्या बोर्डात तिसरी, हिरवी वायर मुळात आलेलीच नव्हती. सॉकेटला तीन भोकं होती, मागे वायरी दोन. म्हणजे मी ते घर घेतल्यापासून ते तसंच होतं. ओल्या हाताने नळ धरला आणि दंडापर्यंत झिणझिण्या गेल्या, असं तिची आई त्यांना म्हणाली होती. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ३० मिलिअँपिअरला गेली की पुरवठा तोडणारं उपकरण असतं, तर गळती जिवावर बेतण्याआधीच पुरवठा बंद झाला असता. माझ्या घरात ते नव्हतं. जुन्या पद्धतीचा फ्यूज होता, आणि फ्यूज वायरी जळू नयेत म्हणून असतो. माणसाला मारायला पुरेल एवढा करंट त्याला जाणवतही नाही.

“मी त्यांना म्हटलं, मालकांना कळवा, हे काम मालकांचं आहे,” ते पुढे म्हणाले. “तर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात करार संपतोय, आत्ता नको.”

आईच्या तोंडचं ‘नको आत्ता’ मला बाथरूमच्या दारात उभं राहून पुन्हा ऐकू आलं. ११ महिन्यांचा हा हिशोब कुठून आला ते आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत असतं. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना अलीकडे थांबायचं. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली. तरी ११ महिने राहिलेच. मालक म्हणून मला ते फक्त कागदाचं काम वाटायचं. एजंट येतो, थंब लागतो, झालं. पण राहणाऱ्याच्या बाजूने मोजलं तर आठव्या-नवव्या महिन्यापासून माणूस जपून बोलायला लागतो. भाडं वाढेल का, पुन्हा देतील का, पोरांची शाळा बदलावी लागेल का. त्या दोन-तीन महिन्यांत घरातलं काहीही बिघडलं तरी ते बिघडलेलं नसतं. आणि करार नवा झाला की लगेच तक्रार कशी करायची, म्हणून पुढचे दोन महिने जातात. उरलेल्या महिन्यांत बोलायचं, तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी ‘किरकोळ’ म्हणून ठेवलेलं असतं.

त्या आठवड्यात मी कायदे वाचत बसले. आधी कधी वाचले नव्हते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, इंग्रजांच्या काळातल्या त्या जुन्या कलम १०८मध्ये, लिहिलं आहे की जी दुरुस्ती मालकाने करायची आहे ती सांगूनही त्याने वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापून घ्यावा. १९९९चा कायदाही कलम १४मध्ये घर राहण्याजोगं ठेवण्याचं कर्तव्य मालकाचं म्हणतो. किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, मग दुरुस्ती भाडेकरूने करून घ्यायची, आणि तिचा खर्च वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत भाड्यातून वळता करायचा. वाचायला फार बरं वाटतं. पण आपण हल्ली करतो तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, त्याला नुसती राहायची परवानगी असते. मग सगळी मदार करारातल्या ओळींवर, आणि त्या ओळी एजंटच्या कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं तशाच पडलेल्या. माझ्या करारात होतं, ‘घरातील किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने स्वखर्चाने करावी.’ किरकोळ म्हणजे काय, ते कुठेच नव्हतं. तिथेही तोच शब्द, आणि खाली माझी सही.

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा आणला. राज्यांनी आपापल्याकडे तो स्वीकारावा अशी अपेक्षा आहे, राज्याने केला तरच तो लागू. त्याच्या परिशिष्टात मालकाची कामं आणि भाडेकरूची कामं अशा दोन याद्याच दिल्या आहेत. इमारतीची मूळ बांधणी, भिंतींचा रंग, नळाचे पाइप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाचं. नळाचे वायसर, बेसिन, स्विच-सॉकेट, दाराच्या कड्या, खिडक्यांच्या काचा, गटार साफ करणं हे भाडेकरूचं. आणि त्या दुसऱ्या यादीत चक्क लिहिलं आहे: गीझरची दुरुस्ती. ती ओळ दिसली तेव्हा खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. कागद माझ्या बाजूने होता. पिशवीतलं निम्मं ओझं उतरलं असं वाटलं. मग वायरिंगची ओळ पुन्हा वाचली. रंगाची ओळ वाचली. आणि ते इलेक्ट्रिशियन काका त्या रविवारी गीझर उघडून जे दाखवत होते ते डोळ्यांसमोर आलं.

त्यांनी टाकी रिकामी करून खालची प्लेट काढली तेव्हा बादलीत आधी तांबूस पाणी पडलं आणि मग शेंगदाण्याच्या कुटासारखा पांढरा चुरा. क्षार. जड पाणी तापलं की तो कॉइलवर बसतो, कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी फुटते. कॉइलशेजारी एक वाकडीतिकडी तार लोंबत होती, कुणीतरी कुरतडल्यासारखी. “ही मॅग्नेशियमची कांडी,” ते म्हणाले. “बोटाएवढी जाड असते नवी असताना.” टाकीच्या लोखंडाऐवजी पाण्याने आधी हिला खावं म्हणून ती आत घातलेली असते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. तशी फार महाग नसते, जड पाण्याच्या भागात दर दोनेक वर्षांनी उघडून बघावी आणि बदलावी. मी तेव्हापासून विचार करते आहे, की हे कुणी बघायचं होतं? ती राहायला आली तेव्हा गीझर सहा वर्षांचा होता. तिच्या आधीच्या दोन भाडेकरूंना त्याचं वय माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. वय फक्त मला माहीत होतं आणि मी त्या गीझरच्या पाण्याने आंघोळ करत नव्हते. भाड्याच्या घरातली वस्तू अशी मरते. जो वापरतो त्याला तिचा इतिहास माहीत नसतो, ज्याला इतिहास माहीत असतो त्याला रोजचा आवाज ऐकू येत नाही. शेवटी ती बंद पडते तेव्हा जो समोर असेल त्याच्या नावावर दुरुस्ती लागते.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. माझ्याच मजल्यावरच्या एका काकूंच्या घरात भाडेकरूंनी फ्रिज असा ठेवला होता की आत बुरशीची झाडं उगवली होती, आणि बेसिनचा तुटलेला तुकडा त्यांनी मागे पुस्तकासारखा उभा करून ठेवला होता. काकूंचं घर त्या भाड्यावर चालतं. दुरुस्तीचा एक महिना म्हणजे औषधांचा एक महिना. आणि मुंबईत तर सबंध शहराने ही गोष्ट उलट्या बाजूनेही पाहिली आहे. आत्या गिरगावातल्या चाळीत राहायची, तिच्या जिन्याला सागवानी टेकू लावलेले होते आणि आम्ही मुलं त्या टेकूंभोवती लपाछपी खेळायचो. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या सप्टेंबरला होती तिथे बांधून ठेवली. भाडेकरू वाचले, पण महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघेना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे बघणं सोडलं. चाळी पडायला लागल्या, माणसं दगावली, आणि १९६९मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढून, उपकर बसवून ते काम अंगावर घ्यावं लागलं. आत्या आयुष्यभर त्या टेकूंना हात लावून वर-खाली करत राहिली. ते काढायला कधीच कुणी आलं नाही. त्या मालकांना मी दोष देते का? पूर्ण देता येत नाही. पण माझं भाडं १९४०चं नव्हतं. दर ११ महिन्यांनी मी ते वाढवून घेत होते, आणि तीही वाढवून देत होती.

मी तिच्या घरी कधी गेले नाही, त्याला मी मनात एक चांगलं नाव दिलं होतं. त्यांचं घर आहे, आपण कशाला उगाच डोकवायचं. हे निम्मं खरं होतं. लहानपणी मालकीणबाई न विचारता स्वयंपाकघरापर्यंत यायच्या आणि भिंतीला किती खिळे ठोकले ते मोजायच्या, त्याचा राग माझ्या अंगात अजून आहे. आदर्श कायदाही म्हणतो की यायचं तर २४ तास आधी कळवून यावं. पण कळवून जाण्यात आणि अजिबात न जाण्यात खूप अंतर आहे. वर्षातून एकदा, तिला सोयीच्या वेळी, मी त्या इलेक्ट्रिशियनना घेऊन गेले असते, चहा घेतला असता आणि ‘काही त्रास आहे का’ असं तोंडाने विचारलं असतं, तर त्या हिरव्या वायरीचं नसणं तिच्या आईच्या हाताआधी आमच्या नजरेला पडलं असतं. घर भाड्याने देणारा माणूस चार भिंती देतो असं आपण म्हणतो. मला आता वाटतं, त्या भिंतींत काय काय आहे ते जाणून असण्याचं काम तो देत नाही, ते त्याच्याकडेच राहतं. करारात ते लिहिलेलं नसलं तरी.

सात बिलांची बेरीज केली. रंगाचे कापलेले पैसे त्यात मिळवले. ३३ महिने माणसं राहिली की भिंतीला हात लागणार, कपाटाची रेघ उठणार. १८८२चा कायदासुद्धा वाजवी वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारत नाही, आणि मी मात्र ‘सगळेच कापतात’ एवढ्या एजंटच्या शब्दावर ते कापले होते. पैसे पाठवले आणि खाली बराच मोठा मेसेज लिहिला, मग तो खोडून फोनच केला. अर्थिंगचं मला काकांकडून कळलं, आईंना कसं आहे, मी तेव्हा विचारायला हवं होतं, असं काहीसं बोलले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अहो ताई, झालं ते. आई बरी आहे.” आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, हिशोब पुरा व्हावा म्हणून, “त्यात नळाचं बिल नाहीये हां. ते पहिल्याच महिन्यातलं, शिफ्टिंगच्या गडबडीत हरवलं. ते राहू द्या.”

नवीन कुटुंब एक तारखेला यायचं आहे. मेन बोर्डात आरसीसीबी बसलं, कांडी बदलली. करारातली ती ‘किरकोळ’ची ओळ मी एजंटला काढायला लावली. तो म्हणाला, “मॅडम, सगळ्यांच्यात असते.” काढली. तिच्या जागी एक पानभर तक्ता जोडला: वस्तू, कधी घेतली, काय बदललं, कधी, पुढचं कधी बघायचं, फोन कुणाला करायचा. शेवटच्या रकान्यात सगळीकडे माझा नंबर आहे. मधले रकाने मात्र मला माझ्याकडच्या कागदांतून भरताच आले नाहीत. फ्रिजचं रबर, फ्लशचा व्हॉल्व्ह, खिडकीचं चाक, एकेक तारीख तिच्या पिशवीतून काढून लिहीत गेले. सगळ्यात शेवटी उरला बाथरूमचा नळ. उघडून पाहिला, बंद केला, खाली बोट धरून थांबले. थेंब नाही. मग तारखेच्या रकान्यात, ऑफिसच्या त्या वर्षीच्या डायरीत मीटिंग शोधून, तिचा फोन आला होता तो दिवस लिहिला.